मांजरीच्या पिल्लांचं ऑपरेशन: पाचव्या महिन्यात, की एक वेत झाल्यावर?

गोदाकाठची (गंगाखेड), १० फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या तोंडावर आमच्या मागच्या वाड्यात, कडब्याच्या गंजीत मांजर व्यायली. तीन पिल्लं. एक चौथ्या दिवशी गेलं, दोन थंडी पडल्यावर स्वयंपाकघरात आली ती आलीच. चिंगी तिरंगी आहे आणि मनी सगळी केशरी. आता दोघी सव्वाचार महिन्यांच्या झाल्या. परवा किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवीत घालून मोजल्या: चिंगी १ किलो ९००, मनी २ किलो ३००. दुकानदार म्हणाला, "ताई, बांधून देऊ का?"

प्रश्न असा की यांचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं? इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, एवढ्याशा जिवाला भूल सोसत नाही, एक वेत होऊ द्या, मग बघू. सासूबाईंचंही तेच, "बाईच्या जातीला एकदा तरी लेकरू व्हावं." पुण्याची बहीण म्हणते पाच महिन्यांच्या आत उरकून टाक. मी शाळेत शिकवते. परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात दोघींचं सोबतच करावं असं मनात होतं. तोवर थांबलं तर चालेल ना?

आणि मराठवाड्यात हे करतं तरी कोण? दवाखान्यात मी पिशवी घेऊन गेले तर पुढं दोन म्हशी, मागं एक बोकड, आणि माणसं सगळी माझ्या पिशवीकडंच बघायलेली.

कडबाकुट्टी (औसा), १० फेब्रुवारी, रात्री ९:५०

ताई, मे पर्यंत थांबलात तर दोघी नाही, दहा जणी मोजा.

माझ्याकडं एक मांजर होती. एकच. बळदातल्या उंदरासाठी मेव्हण्याकडून आणली. वर्षात तीनदा व्यायली, आणि तिसऱ्या वेताच्या वक्ताला तिची पहिल्या वेतातली लेक शेजाऱ्याच्या माळवदावर व्यायली. आईनं नावं ठेवायचं सोडून दिलंय, आता सगळ्यांलाच "ए" म्हणती.

वाचनमात्र, १० फेब्रुवारी, रात्री १०:०५

धागा वाचतेय. आमच्या बोक्याचा पण हाच प्रश्न आहे.

उदगीरचा शिकाऊ, १० फेब्रुवारी, रात्री ११:३१

ताई, मी पशुवैद्यकीयला आहे, इंटर्नशिप चालू आहे. तेवढ्याच वजनानं वाचा.

मांजरीचं पिल्लू चौथ्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकतं, म्हणजे गाभण राहायला तयार होऊ शकतं. बहुतेक मादी पिल्लं पाच ते नऊ महिन्यांच्या मधे येतात, पण नेमकं कोणतं पिल्लू लवकर येईल हे बघून सांगता येत नाही. आपल्याला गाई-म्हशींची सवय असते, म्हणून "वर्षाच्या आत कुठं?" असं वाटतं. कालवड आणि मांजर यांचा हिशोब अगदी वेगळा आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठा व्हायला लागला की शरीर जागं होतं. थंड देशात हिवाळ्याचे काही महिने मांजरी गप्प असतात. परभणीच्या अक्षांशावर सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा आणि मोठा सव्वातेराचा, म्हणजे आपल्याकडच्या मांजरींना पक्की सुट्टी अशी मिळतच नाही. आणि घरात रात्री ट्यूबलाइट असतेच. संक्रांत होऊन गेलीय, दिवस वाढायलाय. चिंगीचं घड्याळ सुरू झालंय असंच धरा.

तिसरं. मांजरीत बीज सहसा आपोआप सुटत नाही, संयोग झाला की मगच सुटतं. त्यामुळं बोका भेटला की गाभण राहण्याची शक्यता फार मोठी. बोका नाही भेटला तर माज आठवडाभर राहतो, ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. मग पुन्हा. गाभण काळ साधारण ६३ ते ६५ दिवस. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती परत गाभण राहू शकते, कडबाकुट्टी दादांचं गणित तिथंच चुकलं.

आता वय. "सहा महिने" हा जुना रिवाज आहे, त्याच्यामागं तसा ठोस अभ्यास नव्हता. अमेरिकेत २०१६ साली मांजरींच्या नसबंदीवर पशुवैद्यांचा एक गट बसला आणि पाळीव मांजरांचं ऑपरेशन पाच महिन्यांच्या आत करावं असं सांगितलं. २०१७ साली अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशननं त्याला दुजोरा दिला. ब्रिटनची कॅट्स प्रोटेक्शन तर चार महिनेच म्हणते. तिकडच्या निवाऱ्यांमधे दोन महिन्यांच्या, किलोभराच्या पिल्लांचंही करतात, पण त्याला तसा हात आणि तशी सोय लागते. तुमची दोन किलोच्या आसपासची पिल्लं अगदी योग्य वेळेवर आहेत.

लवकर केल्यानं वाढ खुंटते असं लोक म्हणतात. उलट हाडांची टोकं जरा उशिरा जुळतात, म्हणून पाय किंचित लांब होतात, एवढंच. बोक्याची लघवीची नळी बारीक राहते हाही जुना समज, तपासून बघितल्यावर तसा फरक आढळला नाही.

लस झालीय का? नसेल तर आधी ती. तिहेरी लसीचा पहिला डोस आठव्या-नवव्या आठवड्यात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे, आणि रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. गर्दीच्या दवाखान्यात बिनलसीचं पिल्लू नेणं मला ऑपरेशनपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

बालाघाट (अंबाजोगाई), ११ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

विरोधी मत मांडतो, राग नसावा. परदेशी संस्थांचं ऐकून आपण गावच्या मांजरांची पोटं फाडायची का? शेकडो वर्षं मांजरी वाड्यात राहिल्या, व्यायल्या, मेल्या. शेतकऱ्याला मांजर लागतं उंदरासाठी. सोयाबीन, तूर घरात पडलेली असते. खच्ची केलेलं मांजर सुस्त होऊन चुलीपाशी लोळणार, मग उंदीर कोण धरणार? निसर्गाला निसर्गाचं करू द्या.

नांदेडची मावशी, ११ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

बालाघाट भाऊ, निसर्ग कसा करतो ते सांगते. गोणीत घालून. आमच्या गल्लीतनं दर उन्हाळ्यात कुणीतरी गोणी घेऊन निघतं आणि आठवडी बाजाराच्या मैदानावर रिकामी करून येतं. डोळे न उघडलेली पिल्लं असतात. मी स्वतः दोनदा उचलून आणलीत, ड्रॉपरनं दूध पाजलं, सहातलं एक जगलं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात, आपण मात्र आठव्या घरी पोचू देत नाही.

माझी शकू अकरा वर्षांची होती. तिचं ऑपरेशन मी केलंच नाही, कारण मला कुणी सांगितलंच नाही आणि घरात बोका नव्हता. एक दिवस पोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. वाटलं, किडा चावला असेल. दोन महिन्यांत ती लिंबाएवढी झाली आणि फुटली. डॉक्टर म्हणाले स्तनाचा कॅन्सर आहे, मांजरीत अशा दहा गाठींतल्या आठ-नऊ वाईटच निघतात. दर रोज ड्रेसिंग केलं. शेवटी ती कपाटाखालून बाहेरच येईना.

तेव्हाच समजलं की पहिल्या माजाच्या आत ऑपरेशन झालं असतं तर हे बहुतेक टळलं असतं. उदगीरच्या पोरा, आकडा बरोबर आहे का बघ, मला ९१ टक्के सांगितला होता.

उदगीरचा शिकाऊ, ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

हो मावशी, बरोबर. २००५ साली अमेरिकेत छापून आलेला अभ्यास आहे. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्के कमी, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्के. दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत फायदा राहत नाही. (गर्भाशयात पू होण्याचा धोका मात्र कोणत्याही वयात केलं तरी जातो.) म्हणून "एक वेत होऊ द्या" यात मांजरीचा काहीच नफा नाही. तिला आई झाल्याचं समाधान वगैरे लागत नाही, ते आपलं.

बालाघाट काका, शिकारीची खोड माजावर अवलंबून नसते. ऑपरेशन झालेली मांजर उंदीर धरते. अन्नाची गरज मात्र पाव हिश्शानं तरी कमी होते आणि भूक उलट वाढते, म्हणून वाटी तेवढीच ठेवली की ती लठ्ठ होते. सुस्ती वाटीतनं येते.

बालाघाट (अंबाजोगाई), ११ फेब्रुवारी, दुपारी २:०२

गोणीचं मान्य. आमच्याकडंही होतं ते. बाकी अजून पटलेलं नाही.

निवृत्त पशुधन, ११ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, बहुतेक हिंगोली आणि परभणी जिल्ह्यात. आता घरी असतो, नातवंडं आणि दोन बोके सांभाळतो.

गोदाकाठची ताईंना त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा राग धरू नये. आमची हयात लाल कंधारी, देवणी, उस्मानाबादी शेळी यांच्यात गेली. रात्री दोनला म्हशीचं अडलेलं रेडकू काढणारा माणूस दोन किलोच्या पिल्लाला भूल देताना कचरतो, आणि कचरलेलाच बरा. एवढ्या जिवात औषधाची मात्रा मिलिलीटरच्या दशांशात मोजावी लागते. अंग पटकन गार पडतं, रक्तातली साखर उतरते. तालुक्याच्या दवाखान्यात त्यासाठी टेबल गरम ठेवायची सोय नसते, गॅसची भूल नसते. मग "जरा मोठी होऊ द्या" हे वाक्य तोंडात येतं. ते मांजरीच्या वयाबद्दल कमी आणि आपल्या सोयीबद्दल जास्त असतं. मीही म्हणालो आहे.

म्हणून माझा सल्ला: वय पाच महिन्यांच्या आतलंच धरा, पण हात शोधा. जो महिन्यात पाच-दहा मांजरींचं करतो त्याच्याकडे जा, मग तो चाळीस-पन्नास किलोमीटरवर का असेना. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यात शल्यचिकित्सा विभाग असतो. आधी फोन करून वार विचारा. संभाजीनगर, नांदेड, लातूरला कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आता बरेच झालेत. पैसे विचारताना भूल, औषधं, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन, टाके काढणं हे सगळं धरून आकडा विचारा, नाहीतर नंतर कुरबुर होते.

मे महिना मात्र डोक्यातून काढा. ४२-४३ अंशात, त्यात लाइट गेलेली, तुम्ही एसटीत पिंजरा मांडीवर घेऊन बसणार. भूल उतरत असलेल्या जनावराला थंडी वाईट तसाच उकाडाही वाईट.

कडबाकुट्टी (औसा), ११ फेब्रुवारी, रात्री ९:०५

काका, एक अडाणी प्रश्न. गोऱ्हा बडवतात तसा बोक्याला चिमटा लावता येत नाही का? आमच्या गावात चिमटा हाय. आणि मादीला ते तीन महिन्याचं इंजेक्शन असतंय म्हणं, ते?

निवृत्त पशुधन, ११ फेब्रुवारी, रात्री ९:२२

कडबाकुट्टी, तो चिमटा जिथं आहे तिथंच राहू द्या. त्याला बर्डिझो म्हणतात, तो बैलाच्या नसेसाठी असतो. बोक्याला भूल देऊन दोन लहान चिरा देतात, दहा मिनिटांचं काम, बहुतेक वेळा टाकासुद्धा लागत नाही.

इंजेक्शन देऊ नका. ते हार्मोनचं असतं. त्यानं माज थांबतो खरा, पण गर्भाशयात पू होणं, स्तन सुजणं, मधुमेह अशी दुखणी मागं लागतात. स्वस्त पडतं म्हणून देतात, आणि मग पू झालेली मांजर घेऊन रात्री अकराला दार वाजवतात.

रात्रपाळी (वाळूज), १२ फेब्रुवारी, पहाटे ४:४८

ड्यूटीवरून लिहायलो. बोक्यावाल्यांसाठी माझा अनुभव. आमचा शेरू आठ महिन्यांचा होईपर्यंत देवमाणूस होता. मग एका रात्री त्यानं शेपटी उभी करून, थरथर हलवून फ्रिजवर लघवीची पिचकारी मारली. नंतर दरवाजा, बायकोची ऑफिसची बॅग, माझा कंपनीचा बूट. वास असा की लिफ्टमधे लोक माझ्याकडं बघायचे. घरमालकानं महिन्याची मुदत दिली.

ऑपरेशन केलं, महिनाभरात फवारणी बंद. पण डॉक्टर म्हणाले, सवय लागायच्या आधी आणलं असतं तर शंभरातल्या नव्वद बोक्यांचा प्रश्नच येत नाही. दुसरं म्हणजे तोवर तो मारामाऱ्या करून आलेला, एक कान फाटलेला. चावण्यातनं बोक्यांना एड्ससारखा एक विषाणू लागतो (माणसाला लागत नाही), त्याची पण टेस्ट करावी लागली. निगेटिव्ह आली, नशीब.

गोदाकाठची (गंगाखेड), १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. लस झालेली नव्हती, काल पहिला डोस दिला. रेबीजची पण दिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परभणीची तारीख मिळालीय, मांजरांचं नेहमी करणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत.

सासूबाई अजून तयार नाहीत. त्यांचा मुद्दा वेगळाच निघाला. मांजर आपल्या हातून मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, म्हणाल्या. "सोन्याचा भाव बघितलास का?"

दोघींचा फोटो टाकतेय, चुलीमागं झोपलेल्या.

उदगीरचा शिकाऊ, १४ फेब्रुवारी, रात्री १०:११

ताई, तुम्ही मनीला मादी कशावरून म्हणता? केशरी मांजरांत चारातले तीन बोके असतात. तिरंगी मात्र जवळजवळ नेहमी मादीच. आणि मनीचा जबडा मला बोक्याचा दिसायलाय.

शेपटी उचलून बघा. मादीत दोन्ही छिद्रं जवळजवळ असतात, खालचं उभ्या चिरेसारखं. नराचं विसर्गासारखं दिसतं, वर एक टिंब, खाली एक टिंब, मधे बोटभर जागा, आणि या वयात त्या जागेत दोन वाटाणे हाताला लागतात.

गोदाकाठची (गंगाखेड), १४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

विसर्ग आहे.

कडबाकुट्टी (औसा), १४ फेब्रुवारी, रात्री १०:४२

😂😂 मनीराम!

नांदेडची मावशी, १४ फेब्रुवारी, रात्री १०:५८

हसताय काय, बाई, त्यांना वेगळं ठेव. मांजरांत बहीण-भाऊ काही नसतं.

गोदाकाठची (गंगाखेड), ३ मार्च, रात्री ८:१५

धागा वर काढतेय, घाईचं आहे.

काल पहाटेपासून चिंगी ओरडायली. म्याऊ नाही, लहान लेकरू लांब रडावं तसा आवाज. जमिनीवर लोळायली, मागचा भाग वर करून शेपटी बाजूला धरायली, भिंतीला अंग घासायली. सासूबाईंना वाटलं पोट दुखतंय. त्यांनी ओव्याचं पाणी चमच्यानं पाजलं आणि हिंग लावला. तिच्या बेंबीला, म्हणजे जिथं असेल असं वाटलं तिथं. मला एका क्षणात कळलं हे काय आहे. पाच महिने पुरे होऊन एक दिवस झाला होता!

मनीरामला त्याच मिनिटाला माळवदावरच्या खोलीत टाकलं. पण तुमचं ऐकूनही मी रात्री दोघांना वेगळं ठेवत नव्हते, एकमेकांशिवाय झोपत नाहीत म्हणून. परवा रात्री काय झालं असेल माहीत नाही. ऑपरेशनची तारीख ११ आहे. आता काय करू? पुढं ढकलू?

निवृत्त पशुधन, ३ मार्च, रात्री ८:३३

ढकलू नका. तुमच्या डॉक्टरबाईंना आजच फोन करून खरं ते सांगा. ऐन माजात गर्भाशयाच्या शिरा फुगलेल्या असतात, रक्तस्राव जरा जास्त होतो, म्हणून काहीजण माज ओसरेपर्यंत आठवडाभर थांबतात. ११ तारखेला ती बहुधा ओसरलेली असेल. गर्भ राहिला असला तरी इतक्या सुरुवातीला काही दिसतही नाही, नेहमीसारखंच ऑपरेशन होतं.

मनीरामचं त्याच दिवशी करा. पण लक्षात ठेवा, बोक्याचं झाल्यावरही महिनाभर त्याच्यात आधीचं बीज उरलेलं असू शकतं. गल्लीत मोकळी मादी असेल तर तोवर घरातच ठेवा.

आणि मनीरामची गोटी (वृषण) एकच खाली उतरली असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. आत राहिलेली गोटी काढावीच लागते, "एक तर निघाली" म्हणून सोडायची नसते.

उदगीरचा शिकाऊ, ३ मार्च, रात्री ९:००

एक महत्त्वाचं: रात्रभर उपाशी ठेवू नका. मोठ्या मांजरीला रात्रीनंतर खायला देत नाहीत, पण या वयाच्या पिल्लाला तीन-चार तास पुरतात, जास्त उपास झाला तर साखर उतरते. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. प्रत्येकाला वेगळा पिंजरा न्या, परत येताना ती एकमेकांना ओळखणार नाहीत. दवाखान्याचा वास येतो अंगाला.

गोदाकाठची (गंगाखेड), १२ मार्च, रात्री १०:२०

झालं. दोघांचंही.

सविस्तर लिहिते, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

पहाटेच्या गाडीनं परभणी. मांजरासाठीचे पिंजरे नव्हते, भाजीची प्लास्टिकची दोन क्रेट एकमेकांवर उपडी घालून सुतळीनं बांधली, चिंगीसाठी एक, मनीरामसाठी एक. सासूबाई शेवटच्या क्षणी चप्पल घालून तयार. "मी येते. काही झालं तर घरी येऊन मला सांगायची हिंमत तुझ्यात नाही."

आधी मनीराम. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही चहा संपवला तर तो परत. चिंगीला अर्धा-पाऊण तास लागला. डॉक्टरबाईंनी कुशीवर एवढीशी चीर दिली, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आत विरघळणारे टाके. गाभण होती का, विचारलं मी. त्या म्हणाल्या, सांगता येण्याइतकं काहीच नव्हतं. मग मीही पुढं विचारलं नाही.

खरी भीती नंतर वाटली. चिंगी डोळे सताड उघडे ठेवून पडलेली. पापणी हलत नाही, जीभ बाहेर. सासूबाईंनी "गेली" म्हणून माझा हात धरला. बाई हसल्या, म्हणाल्या, या भुलीत डोळे उघडेच राहतात, म्हणून आम्ही मलम घालतो, छातीकडं बघा. बघितलं तर छाती वर-खाली होत होती, अगदी थोडी. जमिनीवर ठेवू नका, फरशी गार असते, म्हणाल्या. सासूबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर चौपदरी करून मांडीवर घेतला आणि तिला त्यावर ठेवलं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाठीला. तास दीड तास तशाच बसल्या. मला तिकीट काढायला पाठवलं आणि वर म्हणाल्या, हिच्यासाठी खिडकीची जागा घे.

नांदेडची मावशी, १२ मार्च, रात्री १०:४१

🙏 डोळ्यात पाणी आलं बघ.

कोन घातलाय का गळ्यात? चाटू देऊ नको. रोज एकदा चिरेकडं बघ. थोडी सूज चालते, ओल, वास किंवा फाकलेलं दिसलं तर त्याच दिवशी फोन. दहा-बारा दिवस उड्या नाही, अंघोळ नाही.

गोदाकाठची (गंगाखेड), १३ मार्च, सकाळी ६:५०

कोन घातला की उलटी चालत भिंतीला टेकते. आज नवऱ्याच्या जुन्या बनियनची बाही कापून चार भोकं पाडली आणि अंगात घातली. आता गुमान बसलीय. रात्री थोडं दूध-भाकरी मागितली, डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ खाणं दिलं, अर्धंच.

मनीराम सकाळी माळवदावर चढून बसला, जणू परवा झालं ते दुसऱ्याच कुणाला झालं. त्याच्या पेटीत वाळूऐवजी फाडलेला पेपर ठेवलाय, जखमेत खडे जाऊ नयेत म्हणून.

चिंगी जरा कण्हायली असं सासूबाईंना वाटतंय. त्यांच्या गुडघ्याच्या गोळीतली पाव गोळी देऊ का विचारायल्यात.

निवृत्त पशुधन, १३ मार्च, सकाळी ६:५८

देऊ नका!! माणसाची कोणतीही वेदनाशामक गोळी मांजराला द्यायची नाही. पॅरासिटामॉल तर विषच आहे, ते पचवायची व्यवस्थाच मांजराच्या यकृतात नसते, लहानशा तुकड्यानं जीव जातो. डॉक्टरांनी दिलेलं थेंबाचं औषध असेल तेवढंच, तेवढेच थेंब. दुखणं वाढतंय वाटलं तर त्यांनाच फोन करा. माझ्याकडे नोकरीत जी मांजरं मरायला टेकून आली, त्यातली किती तरी या एका गोळीची होती.

गोदाकाठची (गंगाखेड), १३ मार्च, सकाळी ७:०५

बाप रे. दिली नाही. डबा लपवला.

बालाघाट (अंबाजोगाई), १३ मार्च, दुपारी १२:३०

ताई, परभणीच्या डॉक्टरबाई मंगळवारी असतात का? आमच्या वाड्यात तिघी आहेत. बायको म्हणतेय. मी नाही.

कडबाकुट्टी (औसा), १३ मार्च, दुपारी १२:३४

काकी लई शहाण्या दिसत्यात 😄

गोदाकाठची (गंगाखेड), २६ मार्च, रात्री ९:१०

टाके विरघळले, चीर कुठं होती ते शोधावं लागतंय. चिंगीनं काल गहू निवडायच्या सुपातून उंदराचं पिल्लू उचललं. बालाघाट काकांसाठी खास कळवतेय.

आता नवं. यांची आई, ती गंजीतली, परत आलीय. सड लोंबायलेत आणि रोज संध्याकाळी तोंडात काहीतरी धरून मागच्या पत्र्याकडं जाते. पिल्लं कुठंतरी आहेत. ती हाताला येत नाही, गुरगुरते. हिचं कधी करायचं?

उदगीरचा शिकाऊ, २६ मार्च, रात्री ९:४४

तोंडात धरून नेते म्हणजे पिल्लं खायला लागलीत, महिन्याच्या पुढची असतील. आठ आठवड्यांची झाली, अंगावरचं सुटत आलं की तिला लगेच उचला. फार थांबू नका, दूध पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येईल. तोवर रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला ठेवा. पिंजऱ्याजवळ, मग पिंजऱ्याच्या दारात, मग आत. पिल्लं सापडली तर आत्तापासून हाताळा, म्हणजे पुढं धरायला सोपी जातात.

गल्लीतलं मांजर असेल तर भुलीतच डाव्या कानाचं टोक जरा कापून घ्या. परत कुणी धरून दुसऱ्यांदा पोट उघडायला नको.

गोदाकाठची (गंगाखेड), २६ मार्च, रात्री ९:५०

पिंजरा कुठून आणू? भाजीच्या क्रेटमधे ही नाही राहणार.

कडबाकुट्टी (औसा), २६ मार्च, रात्री ९:५८

माझ्याकडं हाय, पडदी पडणारा. आमच्या नऊ जणांतले सात त्यातच धरले, दोन राहिलेत. रविवारी लातूरहून परळीमार्गे येणाऱ्या गाडीत ठेवतो, गंगाखेड स्टँडवर उतरवून घ्या. आत बोंबलाचा वास येतोय, धुऊ नका, त्याच्यावरच येत्यात.